कॉम्प्युटरची झूल

भाऊसिंग राठोड गेले तेव्हा तांड्यावरच्या मंदिरापुढे माणसं जमली होती. चारपाच जण बोलले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "आता उत्तमराव बोलतील. शेवटी शेवटी त्याईचाच लय घरोबा होता." उत्तमराव उभे राहिले, टोपी सारखी केली, "मानूस चांगला होता," एवढं म्हणाले आणि खाली बसले.

घरी आल्यावर जिजाबाईंनी पाणी देता देता विचारलं, "बस, येवढंच? मांगच्या महिन्यात शेजारची म्हैस मेली तवाबी तुमी हेच म्हनलं होतं."

उत्तमराव पाणी प्यायले. भाऊसिंग त्यांना खरे किती माहीत होते? भाऊसिंगांचा तांडा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. घरात भाऊसिंग गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलत, त्यातले 'याडी' म्हणजे आई आणि 'बापू' म्हणजे बाप हे दोनच शब्द उत्तमरावांना कळत. सर्वांत जास्त ओळख होती ती भाऊसिंगांच्या मानेची. कामरगावहून कारंज्याला जाणारी सकाळची एसटी भाऊसिंग चालवत, आणि भाजीची टोपली टपावर टाकून उत्तमराव दर बाजाराला डायवरच्या मागच्या बाकावर बसत. वर्षानुवर्षं त्यांनी ती मान पाहिली. आधी काळी, मग करडी, मग पांढरी. बोलणं व्हायचं ते इतकंच:

"टोपली चढली?"

"चढली."

आणि कारंज्याला, "टोपली घेतली का?"

"घेतली."

भाऊसिंग निवृत्त झाले आणि कामरगावच्या कडेला, नेमकं उत्तमरावांच्या भाजीच्या वाडीला लागून, त्यांनी दोन खोल्या बांधल्या. कुंपणावरून रामराम सुरू झाला. उत्तमरावांना वाटलं, आता पुढूनही माणूस दिसेल. पण महिनाभर भाऊसिंग दारात खाटेवर नुसते बसून असत. रस्त्यावरून एसटी गेली की डावा पाय क्लचवर असल्यासारखा आपोआप दाबला जाई.

ते त्यांच्या मुलीनं, रेणूनं पाहिलं. रेणू पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, आणि चाळिशीला आली तरी तिला कॉम्प्युटरवर गेम खेळायचा नाद होता. तिनं स्वतःसाठी नवीन मशीन घेतली आणि जुनी बापाला पाठवून दिली. मोठा पडदा, काचेच्या बाजूचा काळा डबा, आत लाल-निळे दिवे, आणि टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग, खाली तीन पेडल. त्या मशीनमध्ये बस चालवायचा गेम होता.

दुसऱ्याच दिवशी भाऊसिंगांनी कुंपणावरून हाक मारली. "उत्तमराव! या. गाडी लागली."

गेममधला रस्ता कुठल्यातरी परदेशातला होता. भाऊसिंगांना त्या गावांची नावं उच्चारता येईनात, म्हणून त्यांनी आपली ठेवली. पहिला थांबा कामरगाव. नदीकाठचं चर्चवालं गाव कारंजा. मग मोठा घाट, आणि घाट चढून गेलं की शेवटचा थांबा मंगरूळपीर. तिथे घरांच्या छपरांवर बर्फ होतं.

"मंगरूळपीरले बर्फ?" उत्तमरावांनी हळूच विचारलं.

"यंदा थंडी जास्त हाय," भाऊसिंग म्हणाले आणि गिअर टाकला.

मग थांबले. "डबल द्या."

"काय?"

"डबल बेल. कंडक्टरनं डबल देल्याबिगर मी गाडी हालवत नाई."

उत्तमराव ओशाळले. इकडेतिकडे पाहिलं. शेवटी पाण्याचा स्टीलचा पेला घेऊन त्यावर चमच्यानं दोनदा वाजवलं. गाडी निघाली. त्या दिवसापासून ते कंडक्टर झाले. रोज दुपारी वाडीचं पाणी सोडून झालं की ते जात. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. यात बोलावं लागत नसे, हे उत्तमरावांना फार बरं वाटे.

उन्हाळा लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग वऱ्हाडातला तो उन्हाळा आला, ज्यात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात रेणूनं मशीनच्या तापमानाचा आकडा लावून ठेवला होता. गाडी घाटाला लागली की तो आकडा चढू लागे. नव्वदच्या पुढे लाल होई. आतले पंखे घोंगावत, आणि घाटाच्या मधल्या वळणावर पडदा एकदम काळा. मशीन बंद.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा भाऊसिंग स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. "पुऱ्या नोकरीत," ते म्हणाले, "मी गाडी रस्त्यात सोडली नाई."

आतून त्यांच्या पत्नी धनीबाई म्हणाल्या, "माह्या भावाच्या लग्नाले जाताना फटफटी सोडली होती नाल्यात. मी पायी गेली."

"थे फटफटी. मी गाडीचं बोलून राह्यलो."

रेणूला फोन झाला. ती म्हणाली, "बापू, थे मशीन जुनी झाली. आखाजीले मी येतोच हाओ, दुसरी घेऊन येतो. ही भंगारात देऊन टाकू."

भाऊसिंगांचा चेहरा पडला. "भंगारात? तापते म्हनून? मंग मंजी उन्हाळ्यात आमालेबी देसान?"

"बापू, तसं नाई—"

"आखाजीले तू ये. तुह्यासमोर मंगरूळपीर गाठून दाखवतो. नाई गाठलं तं खुशाल ने."

झालं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत मशीन थंड करायची आणि घाट चढवायचा. नाही चढला तर ती भंगारात. भाऊसिंग या कामाला असे भिडले की खाट रिकामी पडली.

त्यांना आठवलं ते सर्वांत आधी केलं. ओलं गोणपाट आणलं. नशिबानं रेणू तेव्हा व्हिडिओ कॉलवर होती. ती अशी किंचाळली की वाडीतले बगळे उडाले. "बापू! करंट लागून मरसान! पानी जवळ नाई आनाचं, कूलरचं तोंडबी तिकडं नाई कराचं!"

"मंग इंजन थंड कसं कराचं?"

"पयले धूळ काढा."

ते काम भाऊसिंगांना पटलं. पंक्चरच्या दुकानातून हवेची पिचकारी आणली. डब्यातून निघालेली धूळ पाहून उत्तमराव म्हणाले, "इतक्यात मेथीचा एक वाफा होते." धूळ निघाल्यावर आकडा थोडा उतरला. पण घाटातलं वळण काही सरेना.

मग रेणूनं टपालानं एक लहान ट्यूब पाठवली. मशीनचा मेंदू आणि त्याच्यावरचं गार करायचं धातूचं यंत्र यांच्या मध्ये लावायचा लेप. जुना वाळलेला पुसायचा आणि नवा वाटाण्याएवढा लावायचा.

"हे तं ग्रीसिंग झालं," भाऊसिंग म्हणाले आणि अख्खी ट्यूब पिळली.

फोनमध्ये रेणूनं कपाळाला हात लावला. "वाटान्याएवढा म्हटलं होतं, बापू!"

भाऊसिंगांनी उत्तमरावांकडे बोट दाखवलं. "आमच्या उत्तमरावच्या वाडीतला वाटाना पाह्यला नाई तुनं."

"मी वाटाना लावत नाई," उत्तमराव पुटपुटले. पण ते कुणी ऐकलं नाही.

जास्तीचा लेप कापसानं पुसता पुसता दोन म्हाताऱ्यांची दुपार गेली. धनीबाई दारातून म्हणाल्या, "माह्या बाळंतपनात येवढी काळजी नाई घेतली यानं."

मग रेणूनं एकेक सेटिंग सांगितली. वीज जेवढी लागते तेवढीच मशीनला द्यायची, थोडी थोडी कमी करत जायचं, अडखळली की एक पायरी मागं यायचं. भाऊसिंग म्हणाले, "मायलेज काढाचा हाय, सांग ना सिद्धं." पडद्यावर चित्रं सेकंदाला शंभर पळतात ती चाळीसवर बांधून टाकायची. याला मात्र ते अडले. "म्हंजे स्पीड लॉक? मले? सरकारी गाडीले होतं तेवढं पुरे झालं." पण लावलं. आकडा पुन्हा उतरला.

"आता झाडांच्या सावल्या बंद करा," रेणू म्हणाली. "त्या काढाले मशीनले लय मेहनत पडते."

भाऊसिंगांनी डोळे मोठे केले. "भर उन्हाळ्यात सावली काढू? पब्लिक काय म्हनीन?"

शेवटी थांब्यावरच्या झाडांच्या ठेवल्या, रस्त्यावरच्या काढल्या. असा तोडगा रेणूच्या कंपनीतही कुणाला सुचला नसता, कारण गेममध्ये तशी सोयच नव्हती. भाऊसिंगांनी सगळ्याच बंद केल्या आणि थांब्यावरच्या ठेवल्या असं स्वतःला सांगितलं.

इतकं करूनही गाडी घाटातच मरत होती. पहिल्यापेक्षा वर मरत होती, पण मरत होती.

उत्तमराव रोज शेजारी बसून आकडा पाहत. त्यांच्या लक्षात एक गोष्ट येऊन चुकली होती. दुरुस्तीच्या वेळी, काच उघडी असताना, तीच मशीन तोच घाट हूं की चूं न करता चढे. दुरुस्ती झाली की धनीबाई आतून येत आणि डब्यावर झूल चढवत.

झूलच ती. धनीबाईंनी हातानं शिवलेली. जाड लाल कापड, त्यावर कवड्या, गोल आरसे, पांढऱ्या दोऱ्याची नक्षी. वरून, पुढून, मागून डबा पुरा झाकला जाई. खाली घुंगरंसुद्धा होती. आपल्याकडे मिक्सरला कव्हर असतं, टीव्हीला असतं, फ्रिजच्या दांड्यालाही असतं. त्यामुळे त्यात वावगं असं काही कुणाला दिसलं नाही. व्हिडिओ कॉल दुरुस्तीच्या वेळी होई, म्हणून रेणूनं ती झूल कधी पाहिलीच नव्हती. डबा पोळ्याच्या बैलासारखा सजून बसे आणि आत गुदमरे.

उत्तमरावांना हे कळून आठवडा झाला. रोज घरून ठरवून निघत की आज सांगायचं. कुंपण ओलांडेपर्यंत धीर टिके. धनीबाई चहा घेऊन आल्या की चहा पिऊन परत.

"काय झालं?" जिजाबाई विचारत.

"काई नाई. उद्या सांगतो त्याईले."

"तुमी सांगसान! मले पाहाले आलते तवा नावबी तुमच्या काकानं सांगतलं होतं."

आखाजी दोन दिवसांवर आली तेव्हा भाऊसिंग वाडीत पालक न्यायला आले. बांधावर दोघेच होते. उत्तमरावांनी पालकाच्या जुडीकडे पाहत सांगितलं, "डायवर साहेब, मले वाटते… थे कव्हर…"

"माहीत हाय मले," भाऊसिंग म्हणाले.

"माहीत हाय?"

"मी डायवर हाओ, उत्तमराव. रेडिएटरपुढं घोंगडं टाकल्यावर गाडी तापते हे मले सांगता?"

"मंग काढत काहून नाई?"

भाऊसिंगांनी कुंपणापलीकडे आपल्या घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "थे तिच्या फेटियाचं कापड हाय. लग्नातला घागरा. पुरी नोकरी मी मुक्कामाच्या गाडीवर राह्यलो. घरी आलो तं झोपलो. आता कुठं बसलो घरी, आन तिनं घागरा फाडून माह्या गाडीले झूल शिवली. तिले म्हनू, काढ म्हनून?" त्यांनी जुडी उचलली. "म्हनून तं मी बाकी सगळं करून राह्यलो. झूल ठेवून घाट चढला पाह्यजे."

उत्तमराव दुसरी जुडी बांधू लागले.

"का तुमी सांगता तिले?"

"मी?"

"मंग बसा गुमान."

आखाजीच्या दिवशी रेणू सकाळीच आली. पुरणपोळ्या होईपर्यंत ती दुसऱ्या खोलीत चुलीपाशीच होती. दुपारी सगळी खोलीत जमली. भाऊसिंगांनी खाकी शर्ट घातला होता, बटणं पोटावर ताणली गेली होती. मशीनवर झूल होती, आणि आज धनीबाईंनी तिला हळदीकुंकूही लावलं होतं. रेणू मागच्या खाटेवर बसली. भाऊसिंगांच्या रुंद पाठीआड तिला डबा दिसत नव्हता, नुसता पडदा दिसत होता.

"नाई चढली तं नेतो मी," ती म्हणाली.

"डबल द्या," भाऊसिंग म्हणाले.

उत्तमरावांनी पेला वाजवला. टिंग टिंग.

कामरगाव सुटलं. कारंजा गेलं, चर्चच्या घंटा वाजल्या. बाहेर लू वाहत होती, पत्रे तडतडत होते. घाट लागला. आकडा ऐंशी. पंच्याऐंशी. पहिलं वळण, दुसरं वळण. नव्वद, लाल. पंख्यांच्या वाऱ्यानं झुलीची घुंगरं वाजू लागली. भाऊसिंगांची मान उत्तमरावांच्या समोर होती. ती त्यांनी जन्मभर पाहिली होती, पण अशी घामानं निथळलेली कधी पाहिली नव्हती. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. मधलं वळण मागं पडलं, हल्ली मरायची ती जागा आली. शहाण्णव.

उत्तमरावांच्या हातातला चमचा आपोआप पेल्यावर पडला.

टिंग.

एकच ठोका. आणि भाऊसिंगांचा पाय, कुणी काही म्हणायच्या आत, ब्रेकवर गेला. कंडक्टरनं बेल दिली की डायवर का म्हणून विचारत नाही. पायाला ती सवय होती, डोक्याला विचारायची गरज नव्हती. घाटात, डाव्या बाजूला, इंडिकेटर देऊन गाडी उभी राहिली.

"काहून थांबवली?" रेणू म्हणाली.

"कोन उतरते इथी?" धनीबाई म्हणाल्या.

सगळे उत्तमरावांकडे पाहू लागले. भाऊसिंगही वळले. आता पेला वाजवून भागणार नव्हतं.

"वयनी," उत्तमराव म्हणाले, आणि घसा साफ करत राहिले. "आमी पालक बाजारात नेतो. जुड्यावर ओलं फडकं टाकतो. थे चालते. पन एखांद्या वर्षी पोरं प्लास्टिक गुंडाळतात. वरून लय साजरं दिसते. टोपली उघडली का आत सगळा पालक उकडलेला." ते थांबले. "तुमची झूल लय साजरी हाय, वयनी. पन आत पालक हाय."

रेणू उठून पुढं आली. तिनं डबा पाहिला. "याडी!" ती ओरडली. "हे काय घातलं हाय मशीनले?"

धनीबाईंनी भाऊसिंगांकडे पाहिलं. "यानं तापते का?"

भाऊसिंग खाली पाहू लागले.

"तुमाले माहीत होतं?"

"तुह्या फेटियाचं होतं," भाऊसिंग स्टिअरिंगशी बोलल्यासारखे म्हणाले. "लग्नातला. येवढ्या मनानं तुनं माह्या गाडीसाठी…"

"कोन म्हनलं तुमच्या गाडीसाठी? थो फेटिया उंदरानं खाल्लेला होता, खाली पाच बोटं कपडा उरला होता. या डब्यातले लाल-निळे लाइट माह्या डोळ्यावर येत दुपारी झोपली का! म्हनून झाकलं मी. आन तुमी दोघं बापे इतके दिवस तोंडात मूग धरून बसले?"

रेणू खाटेवर बसून हसू लागली, इतकी की तिला ठसका लागला. मग उठली, कीबोर्डवर दोन बटणं दाबली आणि डब्यातले लाल-निळे दिवे विझले. ते असे विझतात हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

धनीबाईंनी झूल ओढून काढली. आकडा उतरू लागला. नव्वद. शहाऐंशी. ऐंशीच्या खाली आला.

भाऊसिंग मात्र थोडे हिरमुसले. "आता चढली तरी काय," ते म्हणाले. "घाटात थांबली ना."

"थांबवली," उत्तमराव म्हणाले. आपण आज दुसऱ्यांदा बोलतोय याचं त्यांनाच नवल वाटलं. "मी बेल देली. बंद नाई पडली. बेल देऊन थांबवलेली गाडी सोडली म्हनत नाई."

भाऊसिंगांनी याचा विचार केला. नियम बरोबर होता. त्यांनी खाकी शर्टाची कॉलर सारखी केली.

"मंग डबल द्या ना. पब्लिक खोळंबली."

गाडी घाट चढली. वर बर्फातलं मंगरूळपीर आलं. भाऊसिंगांनी गाडी फलाटाला अशी लावली की रेणूनं टाळ्या वाजवल्या. मशीन भंगारात गेली नाही. निघताना तिच्या पंख्यांचा वेगही रेणू बसवून गेली, म्हणजे घाट लागायच्या आधीच ते जोर धरतील. आणि सावल्या पुन्हा चालू करून गेली. त्यावर भाऊसिंग म्हणाले, "आता बरं वाटते उभ्या लोकाइले."

झुलीचं काय करायचं हा प्रश्न राहिला. धनीबाईंनी ती भाऊसिंगांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली. "आता खरंच तुमच्यासाठी टाकली," त्या म्हणाल्या. "घ्या समजून." त्यानंतर भाऊसिंग मागे टेकले की घुंगरं वाजत, आणि उत्तमरावांना ती मान आरसे आणि कवड्यांच्या वर दिसे.

पावसाळा गेला, थंडी आली. थंडीत मशीन तापतच नव्हती, भाऊसिंगांना त्याचं थोडं वाईटच वाटत असावं, कारण आकडा पन्नासच्या वर जाईना की ते म्हणत, "आज इंजनात दम नाई." फेऱ्या रोज होत. भाऊसिंगांच्या शेवटच्या दिवशीही झाली. नेहमीसारखीच, मंगरूळपीरपर्यंत. भाऊसिंगांनी मशीन बंद केली, खुर्चीत मागे टेकले. उत्तमराव बाजारातून परस्पर आले होते. त्यांनी पेला जागेवर ठेवला आणि दाराशी गेले.

"उत्तमराव," मागून आवाज आला. "टोपली घेतली का?"

उत्तमरावांनी दाराआडची रिकामी टोपली उचलली.

"घेतली."